मदत हवी आहे: ओढ्याकाठची वाट मध्येच हरवते

पाणवाट: मागच्या रविवारी अर्ध्यातून परत फिरलो. वाट ओढ्यात उतरते आणि पलीकडे नुसती झाडी. फोनवरचा नकाशा पाण्यातून सरळ रेघ दाखवतो. या शनिवारी परत जायचंय. डावीकडे की उजवीकडे, एवढंच पटकन सांगा.

डोंगरवेडी: कुठला ओढा? कुठलं राज्य?

सरीवरसरी: वॉशिंग्टन-ओरेगनमधलं नॅशनल फॉरेस्ट ना? मग नॉर्थवेस्ट फॉरेस्ट पास काढा, दिवसाचे ५ डॉलर, वर्षाचे ३०. डिस्कव्हर पास चालत नाही, तो वॉशिंग्टन राज्याच्या जागांसाठी असतो.

पाणवाट: पासचं विचारलंच नाहीये. कॅलिफोर्निया, लॉस पाद्रेस नॅशनल फॉरेस्ट. ओहाय गावाच्या वर हायवे ३३ वरून जाणारी पोट्रेरो जॉनची वाट.

कातळकडा: ओढा धरून वर चढत राहायचं, वाट आपोआप लागते. सह्याद्रीत आम्ही हेच करतो.

डोंगरवेडी: कातळकडा, कृपा करून असले सल्ले देऊ नका. सह्याद्रीतही ओढा धरून गेलेले लोक धबधब्याच्या कड्यापाशी अडकतात. पाणवाट, २०२३ च्या जानेवारीतल्या पावसानं हायवे ३३ कित्येक महिने बंद होता. तसल्या पुरात ओढ्यांचे काठ खचतात, नकाशातली रेघ मात्र जुनीच राहते. काठावर थांबून वरखाली नीट बघा, समोरचा काठ कुठे उतरता झालाय, पाय पडून माती कुठे दबलीय. हरणांच्या वाटा आपल्या ढोरवाटांसारख्याच फसवतात. पाणी किती होतं? सोबत कोण आहे?

पाणवाट: पाणी घोट्याच्या वर. आईबाबा येणार आहेत, भारतातून आलेत.

बिब्बेवाला: मग ओढा राहू द्या, आधी पॉयझन ओक बघा! ओढ्याकाठी तोच माजतो. एका देठाला तीन पानं. हिवाळ्यात पानं झडली तरी काड्यांना फोड आणणारं तेल असतंच. बिब्बा, काजू, आंबा यांच्याच कुळातलं झाड आहे. आईंना बिब्बा उतलेला माहीत असेल, तसंच फोड येणारं प्रकरण. झाडीत घुसून वाट शोधू नका.

कोकणची_माय: खोबरेल तेल चोळून जायचं, काही होत नाही.

बिब्बेवाला: ताई, खोबरेलानं ते झाडाचं तेल आणखी पसरतं. घरी आल्याबरोबर गार पाणी आणि भांड्यांचा साबण, कपडे वेगळे धुवायचे.

कातळकडा: स्टोव्ह न्या, वर चहा करा, मजा येते.

डोंगरवेडी: स्टोव्हलाही कॅलिफोर्नियाचा कॅम्पफायर परमिट लागतो. फुकट आहे, ऑनलाइन मिळतो. थर्मासच बरा. पाणवाट, तिकडे फोनला रेंज नसते, परतायची वेळ घरी कोणाला तरी सांगून जा. पाणी गुडघ्याला आलं तर आईबाबांना पलीकडे नेऊ नका.

पाणवाट: ठीक. पण डावीकडे की उजवीकडे?

डोंगरवेडी: कितव्या ओलांडणीला? ओढा बऱ्याचदा ओलांडावा लागतो. काठाचा फोटो असेल तर टाका.