मदत हवी आहे: बिघडलेली पापणी दुरुस्त करून घेतलेलं कुणी आहे का?

डोळ्यांखालच्या पिशव्या काढायला खालच्या पापण्यांची कॉस्मेटिक सर्जरी केली, त्याला 8 महिने झाले. पिशव्या गेल्या, पण उजवी पापणी खाली ओढली गेलीय. बुबुळाखालचं पांढरं दिसतं, झोपेत डोळा पूर्ण मिटत नाही, सकाळी वाळू गेल्यासारखं खुपतं. दिवसा थेंब, रात्री मलम, असं चाललंय. (आरशात बघणं कमी केलंय, ते वेगळंच.)

व्रण मऊ पडेपर्यंत 6 महिने मसाज करत थांबायला सांगितलं होतं. थांबले. आता ऑक्युलोप्लास्टिक सर्जन (पापण्यांची प्लास्टिक सर्जरी करणारे डोळ्यांचे डॉक्टर) म्हणतात, त्वचा जास्त कापली गेलीय आणि आतही व्रण धरलाय. नुसता बाहेरचा कोपरा घट्ट करून भागणार नाही. आतून आधाराला तोंडातल्या टाळूचा तुकडा आणि बाहेरून कानामागची त्वचा लावावी लागेल. टाळूचं ऐकून पोटात गोळाच आला!

ज्यांनी हे करून घेतलंय, त्यांनी सांगा ना: टाळूची जखम किती दिवस छळते, जेवता येतं का? लावलेल्या त्वचेचा रंग पुढे जुळतो का? आणि मुख्य म्हणजे डोळा मिटायला लागला का? दिसण्याचं नंतर बघू, आधी झोप हवीय. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेणारच आहे, त्यांना नेमकं काय विचारू?