आल्प्सच्या पायथ्याशी, पण दम न काढणारा: बुर्जे सरोवराचा फेरा

वर विचारलंय की फ्रान्समध्ये द्राक्षमळे आणि तळी दोन्ही दिसतील, पण घाटांनी जीव काढणार नाही असा एका दिवसाचा सायकल रूट आहे का. बाकीच्यांनी बोर्दोकडचे रूट सुचवलेत, मी साव्हुआ प्रांत सुचवेन.

सुरुवात एक्स-ले-बँ. ल्यॉंहून ट्रेनने सायकलसकट पोचता येतं. बुर्जे सरोवराच्या पूर्वकाठाने उत्तरेला जा (या टप्प्यात गाड्यांची वर्दळ असते, सकाळी लवकर निघा), मग शॉटान्यचे मळे आणि शानाझ. सरोवराला ऱ्होन नदीशी जोडणारा साव्हिएर कालवा या गावातूनच जातो. जेवण इथेच उरका.

खरी मजा पुढे ल्युसे ते जाँजियो. मारेस्तेलच्या उतारावर वेली इतक्या तीव्र चढावर लावल्यात की खालून बघताना ओळी अंगावर आल्यासारख्या वाटतात. इथलं द्राक्ष आल्तेस, त्याची पांढरी वाईन जरूर चाखा, पण बाटली घेऊन ठेवा आणि संध्याकाळी उघडा! पुढे शव्हेलूची दोन छोटी तळी लागतात.

परतताना शा खिंड, उंची 638 मीटर. सरोवर 231 मीटरवर आहे, म्हणजे एकच काय तो चढ. तोही नको असेल तर खिंडीखालच्या बोगद्याशेजारी सायकलींसाठी वेगळी गॅलरी आहे. मी मात्र खिंडच सांगेन. उतरताना अख्खं सरोवर समोर पसरलेलं असतं. ब्रेक आदल्या दिवशीच तपासा. शेवटी दक्षिणकाठाचा सायकलमार्ग सपाट आहे, मुलंही आरामात चालवतात.