बोटीवरची ओळख म्हणे! जुन्या कादंबऱ्या आणि ऑनलाइन मैत्री

सांजवात

परवा निवृत्त मास्तरांची पोस्ट वाचली आणि दोन दिवस डोक्यातून जाईना म्हणून शेवटी लिहायला बसले. त्यांचं म्हणणं असं की जुन्या कादंबऱ्यांवरून ऑनलाइन जमलेले लोक एकमेकांना मित्र म्हणवतात पण ती विश्राम बेडेकरांच्या 'रणांगण' कादंबरीसारखी बोटीवरची ओळख, बंदर आलं की संपली.

मास्तर, बंदर आल्यावर नक्की काय संपलं हो? नायक चक्रधर मुंबईला उतरला, त्याच्यावर जीव लावलेली हॅर्टा त्याच बोटीने पुढे गेली, आणि तिच्या लेखी काहीच संपलं नव्हतं म्हणून तर पुढे तिने जीव दिला. ओळख थोड्या दिवसांची होती हा दोषच नव्हता. उतरणाऱ्याने हात सोडला, हा दोष. 1939 सालच्या त्या कादंबरीतून तुम्ही नेमका उलटा अर्थ काढलात.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी बँकेत काम करते. घरात पंचांग आणि पेपर सोडून काही वाचलं जात नाही. पाच वर्षांपूर्वी हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो'मधल्या विधवा यमूच्या केशवपनाबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, कुणी वाचेल असंही वाटलं नव्हतं. दापोलीच्या एका ऐंशीच्या आजींनी उत्तर दिलं, की माझी आत्या लाल आलवणात असायची, न्हावी यायचा त्या दिवशी आम्हा मुलांना मागच्या अंगणात पिटाळायचे आणि आम्ही तिथून कात्रीचा आवाज ऐकायचो. ते वाचून मी काउंटरवर रडले. आज त्या आजींशी माझं जेवढं बोलणं होतं तेवढं सख्ख्या बहिणीशी होत नाही.

आणि मागच्या नोव्हेंबरात बाबांना पुण्याला हलवावं लागलं तेव्हा मी आमच्या वाचनाच्या ग्रुपवर एवढंच टाकलं की चार दिवस येणार नाही, अमुक हॉस्पिटलात आहे. रात्री नऊला फोन, "ताई, मी खाली गेटपाशी आहे." आयुष्यात पहिल्यांदा बघत होते त्या मुलाला. हेल्मेट काखेत, हातात तीन पुडाचा डबा. वरच्या पुडात भाकरी, तीही ज्वारीची, कारण कधीतरी 'बनगरवाडी'वर बोलताना मी लिहून गेले होते की बाबांना बाजरी सोसत नाही. ही माझी बोटीवरची ओळख!

निवृत्त मास्तर

सांजवातताई, वडील बरे असतील अशी आशा करतो. डबा आणणारा मुलगा गुणी आहे हे मान्य. पण डबा शेजारीही आणतो, ती माणुसकी झाली, त्यात कादंबरीचा काय संबंध?

मी हवेत बोललेलो नाही. एका गृहस्थांबरोबर मी दोन वर्षं रोज वाचन केलंय. 'तुंबाडचे खोत'चे दोन्ही खंड, रोज रात्री वीस पानं, मग दहा वाजता मेसेज. ते मुद्दाम पावसाळ्यात खेडला गेले आणि पुलावरून कादंबरीतल्या जगबुडी नदीचा फोटो पाठवला, लाल पाणी, कठडा ओला, खाली लिहिलं "मास्तर, ही बघा आपली नदी." आपली म्हणाले. आणि मग एका रात्री खांडेकरांच्या 'ययाति'वरून बिनसलं. मी म्हटलं, 1974 चं ज्ञानपीठ योग्यच होतं. ते म्हणाले, तुमच्या पिढीला पाकातलंच गोड लागतं. मीही तिखट लिहिलं. दुसऱ्या सकाळपासून काही नाही. मेसेज जायचे, वाचले जायचे, मग तेही बंद.

अडुसष्टाव्या वर्षी माणूस उठून चहाआधी फोन बघतो आणि तिथे काही नसतं, हे तुम्हाला अजून कळायचंय. आळीतला मित्र भांडला तर संध्याकाळी पारावर दिसतो. तोंड फिरवायलासुद्धा समोर माणूस लागतो. इथे तर तोंडच नाही.

कोकणकन्या

मास्तर तुमचं दुःख कळलं, पण एका माणसाने तोंड फिरवलं म्हणून सगळ्यांना एकाच माळेत ओवणार का? कथाकार जी. ए. कुलकर्णी धारवाडला, सुनीताबाई देशपांडे दूर तिकडे, आणि दोघांचा स्नेह मोठा झाला तो पत्रांतून. सुनीताबाईंच्या पत्रांचं 'प्रिय जी. ए.' वाचा परत. पुस्तकांवर बोलता बोलता माणूस किती उघडा होतो ते त्यात दिसतं. पारावर बसून कोण बोलतं असं?

निवृत्त मास्तर

पत्राला दोन बाजूंचे मिळून आठ दिवस लागायचे. रागात लिहिलेलं पत्र सकाळी फाडता यायचं. मी त्या रात्री लिहिलेलं फाडू शकलो नाही, अकरा वाजून चार मिनिटांनी लिहिलं आणि अकरा वाजून चार मिनिटांनीच ते पोचलं.

वऱ्हाडी वाचक

तुमचं चालू द्या पण मले एक सांगा, क्लासिक म्हटलं की गाडी पुणं, कोकण, पुणं, कोकण एवढीच काहून धावते? वरती सगळ्यांनी मिळून अर्धा डझन पुस्तकं काढली, 'धग'चं नाव कोणाच्याच तोंडी नाही. 1960 ची कादंबरी आहे, उद्धव शेळक्यांची. त्यातली कौतिक बोलते ना तशी माझी आजी बोलायची, तस्सच. मी कॉलेजात मराठीच्या तासाला आपल्या बोलीत उत्तर दिलं तर वर्ग हसला होता, आणि सर पण हसले. तीन वर्षं मी तोंड उघडलं नाही मग.

ग्रुपवर एकाने 'धग'ची पीडीएफ दिली. दोन रात्रीत वाचली आणि त्याला फोन लावला, सांगलीचा पोरगा, त्याला निम्मे शब्द कळले नव्हते, मी त्याला एकेक समजावून सांगितला. मराठीच्या बाबतीत मले कोणी काही विचारते हे आयुष्यात पहिल्यांदा झालं. मास्तर, तुमच्या पारावर मले कोणी बसू दिलं असतं का?

जुनी पानं

बाकी सगळं ठीक, पण "एकाने पीडीएफ दिली" हे इतक्या सहज कसं लिहिता? माझं पुस्तकांचं दुकान आहे, छोटं, एस.टी. स्टँडजवळ, वडिलांपासूनचं. तुमची ही सगळी मैत्री फुकटच्या पीडीएफवर उभी आहे हे कधीतरी बोलूया का?

कायदा सरळ आहे, लेखक गेल्यानंतर पुढच्या वर्षापासून 60 वर्षं हक्क राहतात. हरिभाऊ आपटे 1919 ला गेले, साने गुरुजी 1950 ला, त्यांचं खुशाल वाटा. पण शेळके गेले 1992 ला, बेडेकर 1998 ला, व्यंकटेश माडगूळकर 2001 ला. 'बनगरवाडी' 2061 संपेपर्यंत हक्कातली आहे. मार्चमध्ये मी तिच्या 10 प्रती मागवल्या, 3 गेल्या. त्याच महिन्यात एक गिऱ्हाईक काउंटरवर उभं राहून मला सांगतं, "आमच्या ग्रुपवर आली ना, सुंदर आहे हो." सुंदर आहे हे मला माहीत आहे! लाइटबिल कशाने भरू?

कोकणकन्या

माझ्या आईला मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही बारीक टाइप दिसत नाही. छापील पुस्तक घरात असून ती टॅबवर अक्षरं मोठी करून वाचते. ती चोर का?

जुनी पानं

घरात पुस्तक आहे ना? मग तुमच्या आईचा प्रश्नच नाही. मी तीनशे जणांच्या ग्रुपबद्दल बोलतोय. आणि प्रत्येक वेळी कुणाची तरी आई पुढे करू नका.

कोकणकन्या

भाषा सांभाळा. आई पुढे केली म्हणजे काय?

वऱ्हाडी वाचक

दादा, तुम्ही स्टँडजवळ दुकान म्हणता, आमच्या तालुक्यात दुकानच नाही. गाईड आणि स्पर्धा परीक्षेची पुस्तकं मिळतात, बस. वाचनालयात 'धग' मागितली तर तिथला माणूस म्हणे, नाव लिहून ठेवा. दीड वर्ष झालं लिहून.

डब्लिनकर

मी आयर्लंडमध्ये, वेअरहाऊसला रात्रपाळी करतो. पुस्तक मागवायचं तर किमतीच्या कितीतरी पट टपालखर्च. पीडीएफ वाचतो, खोटं बोलणार नाही. दर वेळी भारतात आलो की वाचलेली पुस्तकं विकत घेतो, बॅगेत किलो मोजत मोजत. तरी जुनी पानंचं म्हणणं टोचलं, कारण वाचलेली सगळी काही घेऊन होत नाहीत.

जुनी पानं

युरोत पगार घेऊन तुम्हाला परवडत नाही आणि मी दुकान चालवायचं?

डब्लिनकर

माझा पगार तुम्हाला माहीत नाही, राहू द्या तो विषय. पहाटे चारच्या ब्रेकला इथे कँटीनमध्ये मी एकटा मराठी. भारतात तेव्हा सकाळ झालेली असते आणि सांजवातताई कामावर निघायच्या आधी कालच्या प्रकरणाबद्दल दोन ओळी टाकतात. हिवाळ्यात मी त्या दोन ओळींवर काढलेत महिने. मास्तरांना मी एवढंच म्हणेन, त्यांचे ते मित्र कुठल्या अवस्थेत होते हे त्यांनाही माहीत नाही. मीसुद्धा एकदा ग्रुपमधल्या माणसाला असंच अर्ध्यात टाकलं होतं. पुस्तकावरून भांडण झालं होतं खरं, पण मी गप्प बसलो ते नोकरी गेली होती म्हणून. सांगायची लाज वाटली. चार महिन्यांनी मीच लिहिलं.

सांजवात

मास्तर, "अजून कळायचंय" हे मला लागलं होतं, पण तुमचं सगळं परत वाचलं आणि मी डब्याची गोष्ट जरा जोरात सांगितली असं वाटलं. इथून निघून जाणं फार सोपं आहे, हे तुमचं बरोबर. एक बाई माझ्याशीही अशाच बोलायच्या बंद झाल्या आणि मी ते कुणाला सांगितलं नाही, कारण घरी सांगितलं असतं तर "फोनवरच्या बायका" म्हणून ऐकून घ्यावं लागलं असतं. पण डब्यात कादंबरीचा संबंध नाही हे मी मानणार नाही. त्या मुलाला बाजरीचं कुठून कळलं?

निवृत्त मास्तर

बरं. बाजरीचा मुद्दा मान्य.

पोस्ट मी काढणार नाही, ती मी ज्या मनाने लिहिली ते मन खोटं नव्हतं. चक्रधराबद्दल मात्र तुमचं वाचन माझ्यापेक्षा नीट आहे, हे तीस वर्षं मराठी शिकवून सांगतो. त्या गृहस्थांचा नंबर मी काढलेला नाही. डब्लिनकर, तुम्ही चार महिन्यांनी पहिलं वाक्य काय लिहिलं होतं?

डब्लिनकर

"अजून त्याच पानावर आहे, तुम्ही पुढे गेलात का?"

जुनी पानं

वऱ्हाडी, पत्ता मेसेजमध्ये टाका. 'धग'ची एक प्रत कपाटात आहे, कव्हरचा कोपरा दुमडलाय म्हणून कुणी घेत नाही. पैसे सावकाश द्या पण द्या. आणि ग्रुपमधली ती पीडीएफ आज काढा.

वऱ्हाडी वाचक

पैसे आजच टाकतो. पीडीएफचं ॲडमिनले सांगतो, तो ऐकंल का नाई माहीत नाई. बाकीचे वाचतील कुठून, त्याचं पण बोला मग.