कृपा विनामूल्य असेल तर सत्कृत्ये कशासाठी?

ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे देवाची कृपा विनामूल्य असेल तर सदाचरणाला अर्थच उरत नाही, हा आपण येथे मांडलेला आक्षेप नवा नाही. बायबलमधील रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या 6व्या अध्यायाच्या आरंभीच, कृपा वाढावी म्हणून आपण पापात राहावे काय, असा प्रश्न पत्रलेखक प्रेषित पौल स्वतः उपस्थित करतो आणि तो ठामपणे फेटाळतो. तारण (पापापासून सुटका) कृपेने, विश्वासाच्या द्वारे होते, ही बायबलमधीलच इफिसकरांस पत्रातील वचने (2:8-9) सगळेच उद्धृत करतात; लगेच पुढच्या वचनात सत्कृत्यांसाठीच आपली निर्मिती झाली असे म्हटले आहे, ते मात्र सहसा सुटते. कृत्ये ही तारणाची किंमत नव्हे, परिणाम आहेत.

मला स्वतःला लूककृत शुभवर्तमानाच्या 15व्या अध्यायातील, येशूने सांगितलेल्या उधळ्या पुत्राच्या दाखल्यातला थोरला भाऊ अधिक बोलका वाटतो. आपल्या वाट्याची संपत्ती उधळून परतलेल्या धाकट्याकडे बाप धावत जातो, हे सर्वांच्या लक्षात राहते. परंतु इतकी वर्षे चाकरी करूनही आपल्याला साधे करडूसुद्धा मिळाले नाही म्हणून रुसलेल्या थोरल्याची समजूत घालायलाही तोच बाप बाहेर येतो, आणि माझे जे आहे ते सर्व तुझेच आहे, असे त्याला सांगतो. आपल्या आक्षेपामागचा हिशेब (राग नसावा) मला त्या थोरल्याच्या तक्रारीसारखाच वाटतो.