दत्तक घेतलेला ५ वर्षांचा बंड्या दुसरं कुत्रं दिसलं की बिथरतो. काय करू?

सिंहगडरोडवाली: दोन महिन्यांपूर्वी शेल्टरमधून बंड्याला आणलं. गावठी, १९ किलो, नसबंदी झालेली, लसी पूर्ण. घरात अगदी गरीब गाय. फाटकाबाहेर मात्र दुसरं कुत्रं दिसायचा अवकाश! आधी जीभ आत जाते, तोंड मिटतं, कान पुढे, की मागच्या दोन पायांवर उभा राहून आकांडतांडव. परवा माझा खांदा निखळता निखळता राहिला. गल्लीत चार भटकी, कोपऱ्यावर अजून तीन. बजेट दोन हजार. घरी ट्रेनर परवडणार नाही, तो सोडून सांगा.

लॅबचा_बाप: ट्रेनरच लावा. आम्ही २४ हजारांचा कोर्स केला. आता पाहुण्यांना शेकहँड करतो.

सिंहगडरोडवाली: आणि कुत्री दिसली की?

लॅबचा_बाप: त्याचा वेगळा कोर्स असतो.

जुना_खेळाडू: चोक चेन घ्या, ओढली की गळ्याला आवळणारी साखळी, दीडशे रुपये. दोन हिसक्यांत सरळ होतो. आमच्या अल्सेशियनची काय टाप होती!

टेकडीवाला: चोक चेन नको हो, मी ती चूक केलीय. समोर कुत्रं आणि त्याच वेळी गळ्याला हिसका, मग माझ्या कुत्रीने दोन्हींची सांगड घातली. आधी निदान गुरगुरायची तरी, नंतर न गुरगुरता थेट अंगावर. छातीवर पुढे कडी असलेला हार्नेस, म्हणजे अंगाभोवतीचा पट्टा, घ्या, हजाराच्या आत येतो. आणि अंतर सांभाळा. कुत्रं दिसतंय पण बंड्या हातातला खाऊ घेतोय, एवढं अंतर. कुत्रं दिसलं की उकडलेलं चिकन सुरू, नजरेआड झालं की बंद. खाऊ घेईना म्हणजे फार जवळ गेलात, तिथूनच मागे फिरा.

जुना_खेळाडू: आमच्या वेळी असली थेरं नव्हती.

टेकडीवाला: काका, तुमच्या वेळी कुत्री मोकळी असायची. पट्ट्यात पळता येत नाही म्हणून तर भुंकतात.

पनवेलची_माऊ: +१. पहाटे पाचला न्या, रस्ता रिकामा असतो.

टेकडीवाला: माणसांपासून रिकामा. तेव्हा भटकी रस्त्याच्या मधोमध बसलेली असतात.

नियमाने_चालणारा: मूळ प्रश्न भटक्यांना बिस्किटं घालणाऱ्यांचा आहे. आमच्या सोसायटीत तर…

पनवेलची_माऊ: झालं सुरू. कानाला खाच असलेली नसबंदीची असतात, ती फारशी त्रास देत नाहीत.

नियमाने_चालणारा: मला चावलेल्याच्या कानाला खाच होती.

मोगरा७२: कोणी 'मोकळं सोडा, आपोआप शिकेल' म्हणालं तर ऐकू नका. मी सोडलं, मग भांडण सोडवायला मध्ये हात घातला. अंगठ्याला तीन टाके, शिवाय ०, ३, ७, १४, २८ अशा दिवसांना पाच इंजेक्शनं. नंतर शेजारच्यांची म्हातारी लॅब्रेडॉर कुत्री कामी आली. रस्त्याच्या या कडेला आम्ही, त्या कडेला ती, दोघं एकाच दिशेने. समोरासमोर आणायचंच नाही. हळूहळू मधलं अंतर कमी केलं. तीन आठवडे लागले, पण आता एकमेकांचे शेपटीकडून वास घेतात.

नवीन_सभासद: कोणीच सांगितलं नाही म्हणून सांगतो, हार्नेस घ्या.

लॅबचा_बाप: ट्रेनरचा नंबर तुमच्या विचारपुशीत टाकलाय.

सिंहगडरोडवाली: सगळ्यांचे आभार. हार्नेस आणला, पण तो घालताना बंड्या पलंगाखाली जातो, म्हणून सध्या खुंटीवर आहे. पहाटे उठणं माझ्याच्याने होणार नाही. शांत कुत्रं ओळखीत नाही. तर रस्ताच बंद केलाय. शू-शीला मागच्या बोळात, बाकी फिरणं गच्चीवर. कठड्याच्या जाळीतून खालची गँग दिसते. ती दिसली की मी पनीरचा तुकडा देते. पहिले चार दिवस पनीर तसंच पडून राहिलं. काल खालून काळं कुत्रं भुंकलं, तर बंड्याने एकदा खाली पाहिलं आणि मग माझ्या मुठीकडे.

टेकडीवाला: कल्पना चांगली आहे, पण महिनाभर गच्चीवरच ठेवाल तर रस्त्यावर पुन्हा पहिले पाढे.

सिंहगडरोडवाली: असू दे. माझा खांदा तरी बरा होईल.

जुना_खेळाडू: पनीर?! काय किलो आहे तुमच्याकडे?