मदत हवी आहे : घाटासाठी हलकी चाकं घेऊ की डीप रिम?

गोदाकाठ :
नमस्कार मंडळी. रोड बाईकची चाकं बदलायची आहेत. बजेट ४० हजार. हलकी अ‍ॅल्युमिनियमची घेऊ की ५० मिमी डीप रिमची (उंच कडेची, हवा कापणारी) कार्बन? दोन दुकानांत दोन टोकाची उत्तरं मिळाली. सप्तशृंगी गडाला फार जड जातं, आणि उभं राहून पायडल मारलं की मागे खर्र-खर्र घासतं. पुढच्या आठवड्यात ऑर्डर द्यायची आहे, लवकर सांगा. "अवलंबून आहे" हे उत्तर नको.

आरेवाला :
ब्रेक रिमचे की डिस्क? किती स्पीड, म्हणजे मागे गिअर किती? तुमचं वजन किती? डिस्कच्या फ्रेमला रिम ब्रेकची चाकं चालत नाहीत, मग सुचवू काय?

वाऱ्यावर :
५० मिमी कार्बन, विषय संपला. दिंडोरी रोडला ताशी ३५ वर फरक पायांना कळतो. वेग वाढला की हवेचा विरोध वर्गाच्या पटीत वाढतो आणि ताकद घनाच्या पटीत लागते.

पिंपळगावकर :
@वाऱ्यावर, ते गडाबद्दल विचारताहेत. घाटात ताशी १२-१३ ला हवा काय वाचवणार? आणि आग्रा हायवेवर बाजूने कंटेनर गेला की डीप रिमचं पुढचं चाक हँडल ओढतं. डीप हवंच असेल तर मागे ५०, पुढे ३०-३५.

मिसळप्रेमी :
चेन वॅक्स करून बघा. आवाज जातो आणि सायकल हलकी पळते.

आरेवाला :
आवाज चेनचा नाही हो, ब्रेक पॅडचा वाटतोय. गोदाकाठ, माहिती द्या.

गोदाकाठ :
रिम ब्रेक, १० स्पीड, वजन ८८ किलो. सायकल ९ किलोची, चाकं कंपनीचीच, साधारण १९०० ग्रॅम. आता सांगा, १५०० ग्रॅमची घेऊ ना?

घाटवेडा :
घ्याच. फिरतं वजन दुप्पट धरायचं असतं.

आरेवाला :
ते फक्त वेग वाढवताना. एकसारख्या चढाला रिमवरचा ग्रॅम आणि बाटलीतला ग्रॅम सारखाच. गडाच्या पायथ्याच्या नांदुरीहून वर १० किमीला समजा ४५ मिनिटं लागतात. तुम्ही, सायकल, पाणी मिळून ९८ किलो. त्यातले ४०० ग्रॅम कमी केले तर वाचले ११ सेकंद. ४० हजारांत ११ सेकंद!

घाटवेडा :
हलकं चाक पायाखाली जिवंत वाटतं, ते गणितात येत नाही.

आरेवाला :
वाटतं, मान्य. पण हलकं म्हणजे बहुधा आरे कमी. ८८ किलोला मागे २० आऱ्यांचं चाक देऊ नका. मागे २८, निदान २४ हवेत.

पिंपळगावकर :
आणि रिम ब्रेकला स्वस्त कार्बन तर नकोच. गडावरून उतरताना ब्रेक धरून ठेवला की रिम तापते आणि कार्बन धरून ठेवणारी राळ मऊ पडायची भीती. अ‍ॅल्युमिनियम उष्णता बाहेर टाकतं.

मिसळप्रेमी :
आपल्या नाशिकच्या डॉ. महाजन बंधूंनी २०१५ मध्ये दोघांच्या टीमने रॅम (रेस अक्रॉस अमेरिका, अमेरिका आरपार सायकल शर्यत) पूर्ण केली. तयारी महत्त्वाची, चाकं नंतर.

वाऱ्यावर :
रॅमवाले डीप रिम लावतात हेही सांगा की.

आरेवाला :
नवा धागा काढा त्यासाठी. गोदाकाठ, आधी हे बघा: क्विक रिलीज (चाक आवळायचा खटका) घट्ट आहे का? हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यात, खेळ आहे का, म्हणजे रिम धरून आडवी हलवली तर खट लागतं का? मग मागचे डावीकडचे दोन-दोन आरे चिमटीत दाबा. उजवीकडच्या कॅसेटमुळे (मागच्या गिअरच्या चकत्या) डावीकडचे मुळातच सैल असतात. ते अजून ढिले झाले की उभं राहिल्यावर रिम पॅडला टेकते. नुसता आउट (चाकाचा वाकडेपणा) काढून भागत नाही, आऱ्यांचा ताण सारखा करून घ्यावा लागतो.

गोदाकाठ :
आत्ता दाबून आलो. डावीकडचे तीन तर वेलीसारखे हलताहेत! उजवीकडचे कडक आहेत. क्विक रिलीज ठीक. पण चाकं घ्यायचीच आहेत, दिवाळीचा बोनस आलाय.

आरेवाला :
मग जुन्याचा ताण आधी नीट करा, घासणं थांबतं का ते बघा, आणि तीच चाकं पावसाळ्यासाठी ठेवा. नवी घ्याल ती अ‍ॅल्युमिनियमचीच, १६०० ग्रॅमच्या आसपास, मागे २४-२८ आरे. ११ स्पीडची फ्रीहब (कॅसेट बसते तो भाग) १.८५ मिमी लांब असते, तुमची १० स्पीड कॅसेट स्पेसर टाकून बसेल. उरलेल्या पैशांत चांगले टायर. २८ मिमी रुंदीचे ब्रेकखालून जातात का, मोजून घ्या.

गोदाकाठ :
ठीक. गंगापूर रोडकडे ताण मीटरने मोजून देणारं कोणी आहे का?

पिंपळगावकर :
मीटर माझ्याकडे आहे. रविवारी सकाळी पांडवलेण्याच्या पायथ्याशी या, मागचं चाक कॅसेटसकट आणा.

घाटवेडा :
मीही येतो. माझी १४५० ग्रॅमची घेऊन, गोदाकाठना फिरवून बघू द्या.