मदत हवी आहे: इंजिन गरम झालं की फक्त तिसरा सिलेंडर मिसिंग (मधूनमधून पेटतच नाही)

चार सिलेंडरची पेट्रोल गाडी, बाहेरून बसवलेला सीएनजी किट, 95 हजार किमी. सकाळी सुरळीत, सोलापूरच्या उन्हात सिग्नलला थांबली की आयडलला थरथरते. 2500 आरपीएमवर मिसिंग जवळपास जातं. पेट्रोल-सीएनजी दोन्हीवर तेच, स्कॅनरवर कोड P0303 (तिसऱ्या सिलेंडरचं मिसिंग).

प्लग नवे आहेत. कॉइल आणि इंजेक्टर एक नंबरशी अदलाबदल केले, कोड तिसऱ्यावरच, म्हणजे ठिणगी-इंधन दोन्ही बाद. कॉम्प्रेशन इंजिन थंड असताना चारही 170 पीएसआयच्या आसपास. गरम असताना, थ्रॉटल पूर्ण उघडून, तिसरा 125. चमचाभर तेल टाकूनही वाढला नाही, त्यामुळे पिस्टन रिंगांवर संशय नाही. टीडीसीला (पिस्टन सगळ्यात वर, व्हॉल्व्ह बंद) हवा भरली तर सायलेन्सरमधून फुसफुस ऐकू येते. थंड इंजिनवर तिसऱ्याचा एक्झॉस्ट टॅपेट गॅप (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमखालची फट) 0.12 मिमी, पुस्तकात 0.30. सीएनजीने सीट (व्हॉल्व्ह जिथे टेकतो ती कडा) झिजून व्हॉल्व्ह वर सरकला असावा.

'प्लग बदला' सोडून सांगा. गाडी पंढरपूर रोडला रोज लागते, हेड उतरवणं शक्यतो टाळायचंय. गॅप जुळवायला शिम (पातळ चकत्या) नाहीत, जाडीनुसार बकेट (व्हॉल्व्हवरच्या वाट्या) येतात. कमी जाडीचं बकेट घालून गॅप 0.30 केला तर व्हॉल्व्ह पुन्हा नीट बसेल, की फुसफुस आहे म्हणजे व्हॉल्व्हची कड जळलीच समजून हेड उतरवून सीट कटिंगलाच (सीट पुन्हा कापून घ्यायला) जावं?